आईची नवमी आणि राणीची सुट्टी

इंग्लंडची राणी गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. पुण्यात मिरवणुकांनी रस्ते भरले होते आणि खराडीतल्या आमच्या ऑफिसात, सातव्या मजल्यावर, आम्ही चाळीस माणसं माना खाली घालून एक मिनिट स्तब्ध उभी होतो. आमचा क्लायंट ब्रिटिश, त्यामुळे दुःखही त्यांचंच. खालून कुठल्याशा सोसायटीचा गणपती चालला होता. काचा कितीही जाड असल्या तरी ढोल ऐकू यायचा राहत नाही. आमचे मॅनेजर डोळे मिटून, हात बांधून उभे होते आणि त्यांचा उजवा पाय बुटातल्या बुटात ठेका धरत होता. चेहरा मात्र पडलेला. पगार चेहऱ्याचा मिळतो, पायाचा नाही.

आमच्या खात्याचं काम मेलेल्या माणसांचं. तिकडची एक पेन्शन कंपनी आहे. तिचे म्हातारे पेन्शनर वारले की घरचे लोक फोन करून कळवतात, आणि तो फोन खराडीत वाजतो. पूर्ण नाव, वारल्याची तारीख आणि वेळ, तुमचं त्यांच्याशी नातं. विचारायचं एवढंच, पण विचारण्याचा एक आवाज असतो. खालच्या पट्टीतला, मऊ, सावकाश. त्याचं रीतसर ट्रेनिंग असतं. मी ते आधी घेतलं आणि मग आठ-नऊ वर्षं दुसऱ्यांना दिलं. माझा नवरा म्हणतो, "तू चिडून ओरडलीस तर चालतं, पण भांडणात तो फोनवाला आवाज काढलास की मला माझीच पेन्शन बंद झाल्यासारखं वाटतं."

तीन-चार दिवसांनी मेल आला. राणीच्या अंत्यसंस्काराच्या दिवशी तिकडे सार्वजनिक सुट्टी, म्हणून इकडेही सुट्टी. मेलखाली कुणीतरी टाळ्या वाजवणारे हात टाकले आणि मग घाईघाईने काढून घेतले. घरी येऊन मी भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहिलं. सोमवार होता. पितृपक्षातली नवमी.

ती नवमी आमच्या घराची आहे. नवरा जिवंत असताना जी बाई जाते, तिच्यासाठी पितृपक्षातली ही एक तिथी राखून ठेवलेली असते, अविधवा नवमी. त्या दिवशी कुणा सवाष्णीला बोलावून जेवू घालायचं, तिची ओटी भरायची. माझी आई सहा वर्षांपूर्वी गेली, बाबा आहेत, म्हणून तिची तिथी ही. अशा बाईला लोक भाग्यवान म्हणतात. आईच्या दहाव्याला चौघींनी तरी मला तसं सांगितलं होतं. भाग्याची ही व्याख्या कुणी ठरवली मला माहीत नाही. मरणारीला विचारून तर नक्कीच ठरवलेली नाही.

सहा वर्षांत मी एकदाही तिची नवमी घातली नव्हती. बाबा आपले देवळात जाऊन शिधा देऊन यायचे. रजा मिळत नाही, असं मी सांगायचे. खरं म्हणजे मी कधी मागितलीच नाही. नवमी घालायची म्हणजे बाबांच्या शेजारी बसून आईचं काही करायचं, आणि बाबांच्या शेजारी बसून आईचं काही करायला माझी तयारी नव्हती. त्यांच्यावर माझा राग होता. तो का होता ते सांगते.

आई गेली ती एका मार्गशीर्षात, सकाळी अकराच्या सुमारास, मागीलदारी भांडी लावता लावता. आमचं गाव वर्ध्याच्या पुढे, मी पुण्यात. आमच्या फ्लोअरवर मोबाइल न्यायला बंदी आहे, समोर लोकांच्या बँकेची माहिती उघडी असते म्हणून. मोबाइल बाहेर लॉकरमध्ये ठेवायचा. त्या दिवशी नव्यांना शिकवायचं होतं, म्हणून तो सकाळी दहापासूनच तिथे होता. पावणेतीनच्या ब्रेकला मी लॉकर उघडला तेव्हा बाबांचे सतरा मिस्ड कॉल होते. जिन्यात उभी राहून मी फोन लावला. बाबा म्हणाले, "तुझी आई गेली." फोनवरचं पुढचं मला काही आठवत नाही. आग लागल्यास कुठून बाहेर पडायचं याचा तिथे भिंतीवर नकाशा होता, तो मात्र अजून सबंध आठवतो. नवऱ्याने बॅग भरून आणली, संध्याकाळची गाडी मिळाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी घरी पोचले.

आई नव्हती. आदल्या दिवशी दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं होतं. तिला ठेवलं होतं तिथे जमिनीवर एक दिवा जळत होता आणि बाबा भिंतीला टेकून बसले होते. "आलीस?" ते म्हणाले. मी बॅग घेऊन त्यांच्यासमोरून आत निघून गेले.

आमच्याकडे लेकीसाठी थांबतात. लेक मुंबईहून यायची असो नाहीतर सुरतेहून, थांबतात. आमच्याच गल्लीत एका म्हातारीला तिच्या लेकीसाठी दीड दिवस ठेवलं होतं, मी लहान असताना. मला आईचा चेहरा एकदा बघायचा होता, बाकी काही नको होतं. बाबा माझ्यासाठी एक रात्र थांबले नाहीत.

महिन्याभरातच मी त्यांना पुण्याला आणलं. शहराच्या कडेला, मांजरी गावात आमचा अकराव्या मजल्यावरचा भाड्याचा फ्लॅट आहे. त्यांची बीपीची गोळी, मोतीबिंदू, बिनमिठाची भाजी, सगळं मी पाहते. इतकं मुलगाही करत नाही, असं लोक म्हणतात. करते ते खरं, पण त्यात धार असायची. ताट वाढताना मी ते जरा जोरात ठेवायचे. ते कधी काही म्हणाले नाहीत. शाळेत क्लार्क होते, पस्तीस वर्षं दुसऱ्यांचं ऐकून घेण्यात गेली. सहा वर्षं आम्ही एका घरात राहिलो, पाण्याच्या टँकरपासून निवडणुकीपर्यंत सगळं बोललो आणि ती एक रात्र सोडून दिली.

अशात ही राणी गेली आणि बाबांना नाद लागला. तिची पेटी तिकडे एका दगडी हॉलमध्ये ठेवली होती आणि लोक रात्रंदिवस रांग लावून तिच्यासमोरून जात होते. एक चॅनेल ते सतत दाखवायचं. बोलणं नाही, संगीत नाही, नुसती माणसं चालत येतायत, पेटीपुढे क्षणभर थांबतायत, मान लववून पुढे जातायत. बाबा ते तासन्‌तास बघायचे. सकाळी दूध तापवताना चालू, मी ऑफिसला निघताना चालू.

"फूल नाही वाहू देत?" ते विचारायचे. नाहीतर, "चेहरा तर झाकेलच आहे. मग हे लोक पाहून काय राहिले?"

"अंत्यदर्शन घेतायत," मी एकदा म्हटलं. "काही लोकांना घेऊ देतात."

त्यांनी रिमोट खाली ठेवला. मला बरं वाटलं, आणि ऑफिसच्या बसमध्ये बसल्यावर वाईट वाटलं. असं माझं सहा वर्षं चाललं होतं.

त्याच आठवड्यात मला एका इंग्लिश म्हातारीचा फोन आला. तिचा नवरा वारला होता. माहिती लिहून घेता घेता ती सांगायला लागली, की नवऱ्याला राणीची फार ओढ, म्हणून त्याच्या वतीने ती रांगेत उभी राहून आली. तेरा तास. गुडघे गेलेले, बरोबर घडीची खुर्ची. आणि पेटीपुढे उभं राहायला मिळालं किती, तर तीन श्वास. "वर्थ इट, डिअर," ती म्हणाली. मी ठरलेल्या आवाजात ठरलेलं बोलले. मनात म्हटलं, बाई, तुम्हाला रांग तरी मिळाली. मला कुणी तेरा दिवस उभं राहायला सांगितलं असतं तरी मी राहिले असते. फोन ठेवल्यावर मी वॉशरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. मला आई हवी होती. चाळिशीच्या बाईने ऑफिसच्या आरशासमोर उभं राहून असं म्हणावं हे बरं दिसत नाही, पण हवी होती.

मग मीच ठरवलं, या वर्षी नवमी घालायची. राणीने सुट्टी दिलीच आहे तर.

बाबांना सांगितल्यावर ते एकदम उठून उभे राहिले. "मंडईत जाऊ," म्हणाले. "आळू तिथं चांगला मिळते." मांजरीहून मंडई म्हणजे दीड तास, आणि आळू तर आमच्या गेटसमोरही मिळतो. पण आम्ही रविवारी सकाळी गेलो. पितृपक्षाची गर्दी होती, गवार आणि भोपळ्याला सोन्याचा भाव. बाबांनी आळूची जुडी उलटसुलट करत विचारलं, "ताजा आहे ना?" भाजीवाल्या बाई म्हणाल्या, "नाही आजोबा, शिळा आहे. तुम्ही येणार म्हणून कालपासून राखून ठेवलाय." बाबा हसले. मग त्यांना अंबाडी हवी होती. आईला अंबाडीची भाजी प्राणाहून प्रिय, ज्वारीच्या कण्या घालून केलेली, वरून लसणीचं तेल. पुण्यात ती सहज मिळत नाही. बाबा एकेका गाळ्यापाशी थांबून विचारत होते आणि मी मागून पिशवी घेऊन चालले होते. सातव्या की आठव्या ठिकाणी मिळाली. त्यांनी तिथेच एक पान तोडून चावलं आणि माझ्यापुढे एक धरलं. आंबट. आमच्या स्वयंपाकघराची, आईच्या हाताची चव एका पानात. मी तोंड फिरवलं आणि म्हटलं, "चला, उशीर होतोय."

सवाष्ण शोधणं आळूपेक्षा अवघड निघालं. आमच्या मजल्यावरच्या एकीचा डाएट चालू होता. दुसरीच्या सासरी पितृपक्षात दुसऱ्याकडचं अन्न चालत नाही. तिसरी म्हणाली, "डब्यात दिलंत तर घेईन, मीटिंग आहे." शेवटी मी आमच्या घरमालकीणबाईंना विचारलं. त्या मूळच्या मांजरीच्या. आमचा टॉवर उभा आहे ती जमीन त्यांची. आज जिथे पार्किंग आहे तिथे त्यांचा ऊस होता. बिल्डरने त्यांना जागेच्या बदल्यात फ्लॅट दिले, त्यांतल्या एकात आम्ही राहतो. सत्तरीच्या आहेत, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि मालक अजून रोज सकाळी सोसायटीला तीन फेऱ्या मारतात. मी त्यांना मावशी म्हणते.

"येते की," त्या म्हणाल्या. "पितराचं जेवान कुनी सोडतं व्हय?"

सोमवारी मी पहाटे उठून स्वयंपाकाला लागले. खीर, वडे, आळू, कढी, अंबाडी. नवरा दोन घास खाऊन त्याच्या ऑफिसला गेला, त्याचा क्लायंट अमेरिकन. बाबा खाली जाऊन कंपाउंडच्या भिंतीवर कावळ्यासाठी घास ठेवून आले, कारण आमच्या बाल्कनीला कबुतरांची जाळी आहे. साडेबाराला मावशी आल्या, हिरवी नऊवारी नेसून. पाटावर बसता बसता त्यांची नजर टीव्हीकडे गेली. बाबांनी आवाज बंद केला होता, पण चित्र चालूच होतं.

"ही कवा गेली म्हनायची?"

"अकरा दिवस झाले," मी म्हटलं.

"आन अजून ठिवलीया? अकरा दिस? वास न्हाय आला?"

"शिशाचा पत्रा असते पेटीला आतून," बाबांनी पेपरातलं ज्ञान दिलं. "हवा लागत नाही."

मावशींनी खिरीत वडा बुडवला. "हिचं मालक हायेत का?"

"नाही, ते आधीच्या वर्षी गेले."

"मंग नवमीची न्हाय ही," मावशींनी निकाल दिला. "तिच्या पोराला म्हनावं, सर्वपित्रीला घाल."

मला इतकं हसू आलं की वाढणं थांबवावं लागलं. बाबाही हसले. आमच्या घरात आईच्या नावाने पान मांडलं होतं आणि आम्ही हसत होतो. आई असती तर तिने मावशींना आणखी एक वडा वाढला असता. मावशी पोटभर जेवल्या, आळूत मुळा घालायचा राहिला हे सांगून टाकलं, अंबाडीला मात्र नावं न ठेवता दोनदा मागून घेतली. मी त्यांची ओटी भरली, वाकून नमस्कार केला. माझ्या डोक्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "आय जेवली बघ तुझी." आणि लिफ्टकडे गेल्या.

मी मागचं आवरलं. साडेतीनला तिकडचा विधी सुरू होणार होता. बाबा आवाज सुरू करून, खुर्ची पुढे ओढून बसले होते. मीही हात पुसत येऊन सोफ्यावर बसले. आठ शिपायांनी पेटी खांद्यावर घेतली. पावलाला पाऊल, खांद्याला खांदा, गाल पेटीला टेकलेले. त्यांच्या मागून तिची मुलं चालली होती, म्हातारी झालेली मुलं.

"किती जपून नेऊन राहिले, पाह्य," बाबा म्हणाले.

त्या वाक्यात काही नव्हतं. पण पहाटेपासून मी आईच्या आवडीचं रांधत होते, हाताला अंबाडीचा वास होता आणि समोर सगळी मुलं आईच्या मागून चालली होती.

"जपून नेतील नाहीतर काय," मी म्हटलं. "त्यांना घाई नाहीये. अकरा दिवस थांबलेत ते. तुम्हाला माझ्यासाठी एक रात्र थांबता आलं नाही."

बाबांनी रिमोट घेऊन टीव्ही म्यूट केला. मग रिमोट मांडीवर ठेवून त्याच्याकडेच बघत राहिले.

"तूच म्हणालीस," ते म्हणाले.

"काय म्हणाले मी?"

"थांबू नका म्हणून."

"मी? मी कशाला असं म्हणेन? शुद्धीवर आहात का बाबा?"

"आता काहून म्हणालीस ते मला काय माहीत." त्यांचा आवाज चढला नाही. "तू आधी इचारलंस, किती वाजता गेली. मी सांगितलं. मग तू म्हणालीस, 'आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. आमच्यासाठी थांबू नका, आपण पुढची तयारी करून घ्या.' मी इचारलं, बाई, तूच बोलून राहिलीस ना? तर म्हणालीस, 'हो, आपण काळजी करू नका.' अन् फोन ठेवलास."

शाळेतलं परिपत्रक पाठ म्हणावं तसं त्यांनी ते म्हटलं. सहा वर्षांत एक शब्द इकडचा तिकडे झाला नसणार. आणि मला ते वाक्य ओळखू आलं. आमच्या कामात घरचे लोक नेहमी विचारतात, की तुमचे कागद पूर्ण होईपर्यंत आम्ही अंत्यसंस्कार थांबवायचे का? त्याचं उत्तर छापील आहे. कृपया आमच्यासाठी थांबू नका, आपण पुढच्या तयारीला लागा. इंग्रजीत ते फार सभ्य वाटतं. मी ते रोज म्हणत होते, नव्या मुलामुलींकडून घोकून घेत होते. त्या दिवशीही ब्रेकच्या आधी तीन-चार घरांना म्हटलं असेल. पाचवं घर माझं होतं. बाबांनी मरणाची बातमी सांगितली आणि माझ्या तोंडाने त्याचं नेहमीचं काम केलं. मराठीत केलं, एवढीच काय ती माया. वारलेल्या व्यक्तीशी आपलं नातं काय, हे तेवढं विचारलं नाही.

मी हे सगळं बाबांना सांगायचा प्रयत्न केला. धड सांगता येईना. "ते ऑफिसचं आहे बाबा, ते मी सगळ्यांना म्हणते, ते मी नव्हते," असं काहीतरी. ते ऐकत होते. मग म्हणाले, "मला वाटलं, तुला तिला तसं बघवणार नाही. म्हणून म्हणत असशील. मग तू आलीस आणि माझ्याशी बोललीच नाहीस. म्हटलं, जाऊ दे. पोरीचं पोरीपाशी."

सहा वर्षं मी त्यांच्यापुढे ताट आपटत होते, आणि त्यांना वाटत होतं, आपल्या पोरीला आईचं तोंड बघायचं नव्हतं. तरी ते ते ताट मुकाट्याने जेवत होते. राग होता तोवर मला एक आधार होता. दोष द्यायला दुसरं कुणी उरलं नाही की माणूस उघडं पडतं. मी सोफ्यावरून उठून त्यांच्या खुर्चीशी खाली बसले आणि रडले. लहानपणी पडल्यावर रडायचे तशी, आवाज काढून. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताचं वजन फारसं नव्हतंच.

"बर्फ सांगितला होता मी," थोड्या वेळाने ते म्हणाले. "तू सकाळी येशील, असं धरून. दोन लाद्या, आर्वीहून. टेम्पो आला अन् तुझा फोन झाला. बर्फवाला परत घेईना. मग राहू दिला अंगणात, पोत्याखाली."

मला एकदम आठवलं. त्या सकाळी मी फाटकातून आत शिरले तेव्हा तुळशीपाशी भिजलेली पोती पडली होती आणि सगळं अंगण ओलं होतं. सुतकात सडा कोण घालतं, असं क्षणभर मनात आलं होतं. त्या पाण्यातून चालत मी घरात गेले होते. सबंध रात्र माझ्यासाठी आणलेला बर्फ तिथे विरघळत होता आणि मी त्यात पाय भिजवून, बाबांशी न बोलता आत गेले होते.

टीव्हीवर पेटी आता एका तोफेच्या गाड्यावर ठेवली होती आणि खलाशी ती ओढत होते. बाबांनी टीव्ही बंद केला. मी विचारलं, "कशी दिसत होती आई?"

हे मी कधीच विचारलं नव्हतं, त्यामुळे त्यांनीही कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी आधी चष्मा काढून पुसला. मग सांगायला लागले, सावकाश, एक एक. मोरपंखी साडी नेसवली होती, माझ्या लग्नात घेतलेली. बायकांनी मळवट भरला, हिरव्या बांगड्या भरल्या. डाव्या हातात चढेनात, तर कासारणीने साबण लावला. ओठ जरा एका बाजूला वळलेले, मी काही खोटं सांगत असले की ती करायची तसे. नाकावर चष्म्याचे दोन वण होते. "बाकी चेहरा साफ झाला होता," ते म्हणाले, "सुरकुती म्हणून नव्हती. पण ते वण काही गेले नाहीत."

ते वण मी डोळ्यांपुढे आणले. आले. सहा वर्षं मी जो चेहरा आठवायला जात होते, तो दर वेळी फोटोतला यायचा, हार घातलेला. हा वेगळा होता. मी खुर्चीच्या पायाला टेकून तो बघत राहिले आणि बाबा थांबून राहिले, रांगेतल्या माणसाला कुणी घाई करू नये तसे.

मग ते म्हणाले, "उचलायच्या आधी लोक म्हणाले, काही सांगायचं असंल तर कानात सांगा. मी वाकून सांगितलं तिला, पोरगी येऊन राहिली." माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "खोटं तर नाही ना सांगितलं मी? तेव्हा तू निघाली होतीस ना?"

"किती वाजता उचललं?"

"पाच. पाचला दहा कमी असतील."

पाच वाजता मी नगर रस्त्यावर होते. सिग्नलला रिक्षा अडकली होती आणि मी रिक्षावाल्याला म्हणत होते, दादा, जरा काढा हो कशीतरी, माझी आई गेलीय, मला तिच्याकडे जायचंय.

"नाही बाबा," मी म्हटलं. "खोटं नाही. निघाले होते मी."